नाजूक प्रकृती

१० जून

प्रिय ताई,

भिंगरी तुझ्याकडे नीट पोचली, असं बोटवाल्याने सांगितलं. बोट दूर जाईपर्यंत पोरगी वळून वळून बघत होती. मान अवघडली असेल, जरा चोळून दे.

बेटावरची शाळा सातवीला संपते, त्याला मी काय करणार? मोठ्या साहेबांना दोनदा विनंती केली की इथेही आठवी काढा. ते म्हणाले, ‘तुमच्या एकुलत्या एका मुलीसाठी शाळा काढायची, तर हवामान केंद्र बंद करून तिथे वर्ग भरवावा लागेल.’ म्हणून तुझ्या गळ्यात टाकली. माझ्या पोरीला तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे ठेवणं मला जमलंच नसतं.

आता महत्त्वाचं. तिची प्रकृती नाजूक आहे. वाऱ्याने कान दुखतो, दमट कपड्यांनी शिंका येतात, आणि गर्दीत तिला कसंतरीच होतं. इथे वारा जरा चढला की मी तिला घरीच ठेवायचो. वारा मोजण्यात जन्म गेला माझा, निदान पोरीला तो लागू नये एवढं तरी करावं ना! तेव्हा जराशी कणकण वाटली तरी शाळेत धाडू नकोस. शाळा काही पळून जात नाही.

इथला फोन आठवड्यातून एखादा दिवस लागतो आणि तेव्हाही नुसता खरखरतो. टपालाची बोट बरी. सविस्तर लिहीत जा.

तुझा भाऊ

ता. क. ताई, नाजूक वगैरे काही नाही. गेल्या महिन्यात भरलेला गॅस सिलिंडर हिने धक्क्यापासून घरापर्यंत एकटीने लोळवत आणला. — वहिनी


२५ जून

प्रिय भाऊ,

मान चोळली. कान झाकले. कपडे इस्त्री करून कोरडे केले. आणखी काही हुकूम?

तुझी लेक मजेत आहे. शाळा आपल्या रस्त्याने सरळ आणि मग एक वळण, एवढीच लांब. सकाळी जाते, चारला परत येते, दप्तर जिन्यावर फेकते आणि खाली पार्लरमध्ये हजर. माझ्या तीन खुर्च्यांतली तिसरी वर जाते पण खाली येत नाही, तिच्यावर गिऱ्हाईक बसवता येत नाही. ती आता हिची. तिथे बसून गृहपाठ करते, आणि माझ्या बायका डोक्याला रंग लावून बसलेल्या असल्या की त्यांना गणितं घालते. परवा एकीने चुकीचं उत्तर दिलं, तर हिने तिला पुन्हा करायला लावलं!

मी तुला म्हणाले होते ना, मला पोराबाळांची सवय नाही, चिडचिड होईल? काही होत नाही रे. इतकी वर्षं रात्री वर आल्यावर मी दिवा लावायचे आणि रेडिओ लावायचे. आता रेडिओ कुठे ठेवलाय तेही आठवत नाही.

सोमवारी मात्र सकाळी हिचं पोट दुखायला लागलं. तुझी ताकीद होतीच, घरी ठेवली. गरम पाण्याची पिशवी दिली. माझीही सोमवारी सुट्टी. दहापर्यंत पोट थांबलं, मग आम्ही सगळे कंगवे धुतले, पत्ते खेळलो, दुपारी ताणून दिली. आजारपण असावं तर असं.

तुझी ताई


८ जुलै

प्रिय ताई,

पोट दुखलं हे वाचून जीव टांगणीला लागला. हवा बदलली की आधी पोट बिघडतं. पुन्हा दुखलं तर अजिबात पाठवू नकोस. घरी ठेवलीस हे फार चांगलं केलंस. अशी आत्या मिळायला नशीब लागतं.

शाळेतल्या कुणी काही विचारलं तर माझं नाव सांग. वडिलांची परवानगी आहे म्हणावं.

तिलाही वेगळं पत्र लिहिलंय. तुझ्याबद्दल चार गोष्टी समजावल्यात. आता ती मोठी होते आहे.

तुझा भाऊ

ता. क. पोट नेमकं सुट्टीच्या सोमवारीच का दुखलं, ते एकदा विचारा. — वहिनी


२ ऑगस्ट

प्रिय भाऊ,

वहिनीला सांग, विचारलं. ‘दुखतं म्हणून दुखतं’ असं उत्तर मिळालं. तुझीच मुलगी.

पण वहिनी म्हणते त्यात तथ्य आहे. या पोटाला वार कळतात. रविवारी रात्री ताटातलं सगळं चाटूनपुसून खातं, आणि सोमवारी उजाडलं की कळ मारतं. डॉक्टरांकडे नेली. त्यांनी पोट दाबून पाहिलं तर हिला गुदगुल्या झाल्या आणि ती खोखो हसत सुटली. डॉक्टर म्हणाले, ‘असं पोट मला पण द्या.’

तरी तू सांगितलंस म्हणून मी ठेवते. खोटं कशाला बोलू, मला बरंही वाटतं. मागच्या सोमवारी आम्ही पार्लरसाठी रंग आणायला गेलो. मी पांढरा म्हणत होते, हिने फिकट हिरवा घ्यायला लावला. म्हणाली, ‘आत्या, पांढऱ्या भिंतीत बायकांना आपले पांढरे केस जास्त दिसतात.’ धंदा कळतो बघ पोरीला!

हल्ली अधूनमधून गुरुवारीही डोकं धरून दुपारीच परत येते. गुरुवारी माझ्याकडे गिऱ्हाईक कमी असतं. काळजी करू नकोस, मी आहे.

तुझी ताई


२१ ऑगस्ट

प्रिय भाऊ,

हे पत्र बसून वाच. वहिनीलाही शेजारी बसव.

काल सोमवार. भिंगरीचं पोट नेहमीप्रमाणे दुखून, नेहमीप्रमाणे थांबलं होतं. मी शिडीवर चढून पार्लरची भिंत रंगवत होते, ही खाली डबा धरून उभी होती, आणि आम्ही दोघी मोठमोठ्याने गात होतो. दार लोटलेलं होतं. तेवढ्यात कुणीतरी हळूच ते ढकललं. दारात एक बाई आणि त्यांच्यामागे शाळेच्या गणवेशातल्या चार मुली. एकीच्या हातात फुलं, दुसरीच्या हातात फळांची पिशवी. सगळ्यांचे चेहरे असे, की जणू आत कुणी शेवटच्या घटका मोजतंय.

बाई कुजबुजल्या, ‘आत्याबाई कशा आहेत आता? बघायला जाता येईल का?’

मी वरूनच म्हटलं, ‘कुठली आत्याबाई?’

‘हिची. अंथरुणाला खिळलेली.’

मी खाली भिंगरीकडे पाहिलं. तिचा चेहरा भिंतीपेक्षा फिकट झाला होता. भाऊ, मला काय झालं कुणास ठाऊक. त्या पोरीला चार मैत्रिणींसमोर खोटं पडू देणं मला जमेना. मी शिडीला घट्ट धरलं आणि म्हणाले, ‘अगं आई गं!’

बाई वर बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, ‘शिडी चढताना बरं वाटत होतं वाटतं?’

ब्रशातून हिरवा रंग माझ्या कोपरावरून गळत होता. सर्वांत उंच मुलगी फिस्सकन हसली, मग चौघीही, आणि मग मलाही आवरेना. हसली नाही ती फक्त भिंगरी. डबा खाली ठेवून ती धावत वर गेली आणि न्हाणीघराची कडी लावून घेतली.

मुली खुर्च्या फिरवत बसल्या. बाईंनी मला बाजूला घेतलं. त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या म्हणाल्या, ‘मुलगी हुशार आहे. पण सोमवारी नसते, गुरुवारी अर्धी असते. सोमवारी मी नवा धडा सुरू करते. मंगळवारी ही येते, तेव्हा सगळे पुढे गेलेले असतात. तिला कळत नाही, विचारायची लाज वाटते, मग पुन्हा यावंसं वाटत नाही. हे असंच चाललं तर तिला वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही, आणि आठवी पुन्हा करावी लागेल. अशा मुली पुन्हा करत नाहीत हो, त्या घरी जातात.’

मी म्हटलं, ‘तिच्या वडिलांची परवानगी आहे.’

‘हो ना,’ त्या म्हणाल्या, ‘बहुतेक वेळा असतेच.’

भिंगरी अजून माझ्याशी नीट बोलत नाही. शाळेत मला अंथरुणाला खिळवून आणि माझ्याशी पोटदुखीचं खोटं बोलून तिने घरी का राहावं, ते कळत नाही. काय करू, सांग.

तुझी ताई


२८ ऑगस्ट

ताई,

शनिवारच्या बोटीने तिला पाठवून दे.

जिथे माझी मुलगी खोटं बोलायला शिकते, ती शाळा नको आणि ते शहरही नको. आठवीचं काय मोठंसं! मी इथे संध्याकाळी शिकवीन. गणित मला येतं, भूगोल तर समोरच आहे. तिला तिथे सुख असतं तर ती अशी वागली नसती. तुला दोष देत नाही.

भाऊ


२८ ऑगस्ट

ताई,

त्यांचं पत्र आणि हे पत्र एकाच बोटीने येईल. त्यांचं आधी वाचलं असेल तर आता हे वाचा, आणि भिंगरीला पाठवू नका. बोटवाल्यालाही मी सांगून ठेवलंय, तिला बोटीत घ्यायचं नाही. हे ह्यांना ठाऊक नाही.

ह्यांच्या रागावर जाऊ नका. ती गेल्यापासून रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसतात. मी विचारलं तर म्हणतात, ढग बघतोय. नाजूक प्रकृती कुणाची आहे ते तुम्हीच ओळखा.

मी पत्रात दोन ओळींपुढे कधी जात नाही, पण आज लिहिते. माझी शाळा सातवीत सुटली. तुम्हाला वाटत असेल घरच्यांनी काढली. तसं नाही. माझं शाळेत जाणं कुणी थांबवलं नाही. आई नुसती म्हणायची, ‘आज राहू दे गं, धाकटा रडतोय.’ मग आज पाहुणे आहेत. मग आज माझं अंग दुखतंय, जवळ बस. सगळे मायेने म्हणायचे आणि मलाही घरी आवडायचं. असे ‘आज’ साठत गेले, आणि एके दिवशी वर्गात गेले तर माझ्या जागेवर दुसरी मुलगी बसली होती. बाईंनी मला ओळखलं नाही. मी दारातूनच परत आले. घरी कुणी काही विचारलं नाही.

इथे वाऱ्याचे आकडे मी घेते, आणि त्यांचं काय करायचं ते ह्यांना कळतं. मला ते कळायला हवं होतं. भिंगरीला कळू दे.

तिला रागावू नका, पण विचारा. केस विंचरताना विचारा, समोरासमोर बसवून नको.

वहिनी


१० सप्टेंबर

प्रिय भाऊ आणि वहिनी,

भिंगरीला पाठवली नाही आणि पाठवणार नाही. भाऊ, काय ओरडायचंय ते समुद्राकडे तोंड करून ओरड.

वहिनीने सांगितलं तसंच केलं. तिला खुर्चीत बसवली, अंगाभोवती कापड गुंडाळलं आणि टोकं कापायला घेतली. आरशात बघत विचारलं, ‘मी आजारी आहे, असं का सांगितलंस गं?’

तिने कापडावर पडलेले केस बोटाने गोळा केले. मग म्हणाली, ‘बाबांनी लिहिलं होतं.’

‘काय लिहिलं होतं?’

‘आत्या आयुष्यभर एकटी राहिली. ती दाखवत नाही, पण तिला एकटं वाटतं. तिला एकटं वाटू देऊ नकोस, ती तुझी जबाबदारी.’

माझी कात्री थांबली. ‘मग?’

‘पहिल्या सोमवारी खरंच दुखलं होतं. पण मग पत्र आलं. सोमवारी पार्लर बंद असतं. तू दिवसभर एकटी असतेस. आणि गुरुवारी पण गिऱ्हाईक नसतं. पोट दुखतंय म्हटलं की तू किती खूश व्हायचीस!’

भाऊ, कळतंय का तुला काय झालं ते? तू मला लिहिलंस, पोरीला जप. तू पोरीला लिहिलंस, आत्याला जप. आम्ही दोघी एकमेकींना इतकं जपलं, की शाळा बुडाली. तिच्यासाठी मी तिला घरी ठेवत होते, आणि माझ्यासाठी ती घरी राहत होती.

मी खुर्ची माझ्याकडे वळवली. म्हटलं, ‘हे बघ, तू यायच्या आधी मी एकटी होते, ते काही खोटं नाही. पण तू चार वाजता धडधडत जिना चढतेस ना, त्याच्या आवाजावर माझा दिवस निघतो. दिवसभर घरात बसलीस, तर येशील कुठून?’

मग ती रडली आणि आणखी एक गोष्ट बाहेर आली. डब्याच्या सुट्टीत ती एकटी बसते. बेटावरच्या शाळेत सगळे मिळून नऊ जण, सगळे भावंडांसारखे. इथल्या वर्गात तिला बोलायला कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. म्हणजे मी एकटी, ही काळजी खरी होती, पण त्या काळजीला लागूनच आणखीही काही होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर शाळेत गेले. बाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. आतापासून रोज आली, तर मागचं भरून घ्यायला त्या स्वतः मदत करतील. पण रोज म्हणजे रोज. मी शब्द दिला.

आणि शब्द नुसता देऊन काय उपयोग? माझी सुट्टी मी रविवारवर आणली. दारावर पाटी लावली, तेव्हा काय कल्लोळ! रविवार हा माझा भर धंद्याचा दिवस. बँकेतल्या बाई म्हणाल्या, ‘मग आम्ही केस कधी कापायचे?’ मी म्हटलं, ‘सोमवारी, पैसे मोजून झाल्यावर.’ दोघीतिघी पलीकडच्या पार्लरमध्ये गेल्या. एक परत आली, तिथे कान कापला म्हणून. बाकीच्यांचं बघू.

आणि त्या चार मुली आठवतात? फळं आणि फुलं घेऊन माझ्या अंत्यदर्शनाला आलेल्या? त्यांना त्या खुर्च्या विसरता येईनात. शनिवारी दुपारी सगळ्या हजर झाल्या. सर्वांत उंच आहे तिला आम्ही उंचाडी म्हणतो. ती भिंगरीला म्हणाली, ‘तुझी आत्या कसली भारी आजारी पडते गं! आमच्या घरी कुणी असं नाही.’ तिथून जे हसणं सुरू झालं, ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही.

भाऊ, तू तिला यापुढे लिहिशील तेव्हा काळजी कमी लिही आणि चौकशी जास्त कर. आज काय शिकलीस, एवढं विचारलंस तरी पुरे.

तुझी ताई


२५ ऑक्टोबर

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुम्ही विचारलंत काय शिकले. आज त्रिकोण शिकले. काल पेशी. परवा काही नाही, कारण सर आले नव्हते, पण मी गेले होते.

सहामाही झाली. गणित चांगलं गेलं, इतिहास बरा, आणि इंग्रजीबद्दल आत्ता बोलायला नको.

एक गंमत. गेल्या आठवड्यात मला खरंच बरं नव्हतं. मी आत्याला म्हटलं, अंग तापलंय. ती म्हणाली, ‘आता मी नाही फसायची,’ आणि बूट माझ्या हातात दिले. मी गेले. पहिल्या तासालाच बाईंनी कपाळाला हात लावला आणि उंचाडीबरोबर घरी पाठवून दिलं. आत्याने मला दारात पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले, मग कपाळाला हात लावला, आणि मग तीच रडायला लागली. एका बाईचे केस अर्धे कापलेले होते. त्या म्हणाल्या, ‘आधी पोरीचं बघा, मी अर्धी बसते.’ दोन दिवसांनी मी बरी झाले. आता आत्याने नियम केलाय, तोंडाने सांगायचं नाही, थर्मामीटर लावायचा.

डब्याच्या सुट्टीत आम्ही पाच जणी जिन्याखाली बसतो. तिथे बसायची परवानगी नाही.

आई, तू काय शिकलीस ते पण लिही. मी आठवीचं जुनं गणिताचं पुस्तक बोटीने पाठवतेय. उंचाडीच्या बहिणीचं आहे. अडलं तर मला विचार, बाबांना नको, ते पटकन चिडतात.

तुमची भिंगरी


१२ डिसेंबर

प्रिय वहिनी,

भाऊ इथे आहे, ठणठणीत आहे, आणि आज त्याच्यापायी माझी हसून हसून मुरकुंडी वळली. तू आकडे घ्यायला मागे राहिलीस, म्हणून तुला एकटीला लिहिते. त्याला दाखवायची गरज नाही.

सकाळी मी खाली शटर उघडत होते, तर समोर हा! न कळवता, दाढी वाढलेली, हातात दोन पिशव्या. रजा अचानक मिळाली म्हणे. भिंगरी जिन्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. ती एका उडीत त्याच्या गळ्यात पडली आणि तो तिथेच फूटपाथवर मटकन बसला. मी पाणी आणलं, ते मीच प्यायले.

मग ती उठली. दुसरी नाडी बांधली आणि दप्तर पाठीला लावलं.

भाऊ म्हणाला, ‘कुठे निघालीस?’

‘शाळेत.’

‘अगं, मी आलोय!’

‘हो बाबा, चारला येते ना मी.’

त्याचा चेहरा तू पाहायला हवा होतास. तो म्हणाला, ‘मी सहा महिन्यांनी आलोय. आजच्या दिवस नको जाऊस. मी बाईंना भेटून सांगतो.’ आणि वहिनी, त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कंगवे मोजायला लागले.

भिंगरी त्याच्यासमोर उकिडवी बसली. एखाद्या लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, ‘बाबा, आज आमच्या गटाने भिंतीवर नकाशा लावायचाय. तो माझ्या एवढा मोठा आहे. उंचाडी वरून धरणार, मी खालून चिकटवणार. मी नसले तर सगळा गुंडाळून खाली येईल. तुम्ही जेवा, झोपा. आत्या तुमचे केस कापेल, फार वाढलेत.’

मग त्याच्या गालाचा पापा घेऊन निघाली. वळणावर थांबून हात केला आणि दिसेनाशी झाली.

भाऊ बराच वेळ त्या वळणाकडे बघत होता. मला वाटलं आता रुसणार. पण म्हणाला, ‘नकाशा चिकटवायचाय तिला. तिच्यावाचून अडेल म्हणे.’ आणि हे तो दिवसभरात किती वेळा म्हणाला असेल! केस कापताना म्हणाला. जेवताना म्हणाला. बँकेतल्या बाईंचा आणि त्याचा काही संबंध नसताना त्यांनाही सांगितलं. मध्येच विचारलं, ‘तिला तिथे कुणी त्रास देत नाही ना?’ मी म्हटलं, ‘तीच देते.’ एवढा खूश झाला!

तू अकरावं उदाहरण सोडवलंस, हेही त्याने सांगितलं. बारावं अडलंय म्हणालीस, ते भिंगरीला देते.

आत्ता दोन वाजलेत. तो अंघोळ करून, नवा सदरा घालून खाली आला आणि चपला शोधायला लागला. मी म्हटलं, ‘शाळा चारला सुटते रे.’

‘माहीत आहे,’ म्हणाला, ‘रस्ता पाहून ठेवतो.’

रस्ता म्हणजे काय गं? सरळ, आणि मग एक वळण. पण गेला.

तुझी ताई